मले जग्गू नाई व्हाचं!

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका गल्लीत संध्याकाळी पाच पोट्ट्यांचा 'छोटा भीम'चा खेळ सुरू व्हायच्या आधीच मोडायच्या बेतात आला होता. भीम ठरला होता. तो ठरलेलाच असतो: ज्याच्या घरासमोर खेळ, तो भीम. कालिया व्हायलाही एक जण तयार झाला, कारण कालियाला दादागिरी करता येते. ढोलू-भोलू जोडीने मिळाले. अडलं ते जग्गूपाशी. सगळ्यांत लहान पोरगं भिंतीला पाठ लावून उभं राहिलं आणि म्हणालं, "मले जग्गू नाई व्हाचं. दरवेळी मीच काऊन माकड?"

"तू लहान हायेस बे, म्हणून," असं उत्तर आलं. हे उत्तर जुनंच आहे. पूर्वी अशा पोराला लिंबूटिंबू म्हणत. तो खेळात असायचा, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि तो बाद झाला तरी कुणी मोजायचं नाही. टीव्हीने त्याला माकडाचं नाव दिलं, एवढाच फरक.

'छोटा भीम' ही मालिका 2008 साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने ती काढली. ढोलकपूर नावाचं गाव, तिथला नऊ वर्षांचा भीम, त्याची मैत्रीण चुटकी, चार वर्षांचा राजू आणि बोलणारं माकड जग्गू. पहिले भाग पाहणारी पोरं आता नोकऱ्या शोधताहेत. जग्गू मात्र अजून त्याच फांदीवरून त्याच मित्रासाठी उडी मारतो. भीम संकटात सापडला की जग्गू धावतो, भीम जिंकला की जग्गू नाचतो. त्याचं स्वतःचं गाऱ्हाणं क्वचितच कथेचा विषय होतं. त्याला बक्षीस नाही, राज्य नाही. मग तो भीमासोबत राहतो तरी का?

प्रश्न पोरकट वाटेल, पण आपल्याकडच्या भक्तिशास्त्राने त्यावर बरीच शाई खर्च केली आहे. भागवतात प्रल्हाद नऊ भक्ती सांगतो. त्यांत सातवी दास्य, आठवी सख्य आणि नववी आत्मनिवेदन. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात एकेका भक्तीला एकेक समास दिला. सेवकाच्या पुढची पायरी मित्राची, हा क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सेवक तर जास्त राबतो, जास्त वाकतो. तरी मित्र वरच्या पायरीवर का बसवला?

याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातच पडलेलं आहे. परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की लोक कीचकाची गोष्ट सांगतात. कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि जिथे हात धुतले ते भीमकुंड. तिथल्या उंच टोकाचं नाव वैराट. महाभारतात हा वध विराट राजाच्या नृत्यशाळेत होतो, आणि विराटनगरीवर राजस्थानही हक्क सांगतं. तो वाद बाजूला ठेवू. अज्ञातवासात विराटाच्या घरी भीम बल्लव नावाने स्वयंपाकी होता. म्हणजे मुख्य नायक मुळीच नव्हता. महाभारतात भीम हा बहुतेक वेळ सोबतीच असतो: धाकटा भाऊ, ओझं वाहणारा, थकलेल्यांना खांद्यावर घेणारा. ढोलकपूरच्या भीमाने नाव घेतलं ते एका सोबत्याचं.

कीचक मेल्यावर काय झालं, ते मात्र चिखलदऱ्याच्या सहलीत फारसं कुणी सांगत नाही. कीचकाचे भाऊबंद, एकशे पाच उपकीचक, जमा झाले. भावाने द्रौपदीवर हात टाकला होता हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तिलाच दोषी धरलं आणि कीचकाच्या प्रेताबरोबर तिला जाळायला बांधून नेलं. भीमाने झाड उपटून त्या सगळ्यांना मारलं. निष्ठेच्या मापाने पाहिलं तर उपकीचक जग्गूपेक्षा तसूभर कमी नव्हते. मेलेल्या भावाचीही त्यांनी पाठ सोडली नाही. त्यांच्यात नव्हती ती एकच गोष्ट: 'हे चुकलं' असं भावाला सांगायची ताकद.

भीमाजवळ ती होती. द्यूतसभेत युधिष्ठिराने द्रौपदी पणाला लावली, तेव्हा भीम सहदेवाला म्हणाला की आग आण, या थोरल्याचे हात जाळतो. अर्जुनाने त्याला आवरलं. एवढं बोलूनही भीम तेरा वर्षं त्याच थोरल्याच्या मागे रानोमाळ हिंडला. तोंडावर बोलला, आणि सोडूनही गेला नाही. त्याच सभेत कौरवांकडून विकर्ण उठला होता. जे चाललंय ते अधर्म आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. पुढे युद्धात मात्र तो दुर्योधनाच्याच बाजूने उभा राहिला. भीमाने त्याला मारलं आणि मारल्यावर हळहळला. विकर्णाला काय म्हणायचं, याचा निकाल आजवर कुणी नीट लावलेला नाही. निष्ठावान म्हणावं तर अन्याय दिसत असून तो तिकडेच राहिला, आणि नाही म्हणावं तर बोलण्याची हिंमत त्या सभेत फार थोड्यांनी दाखवली.

जग्गू माकड आहे हा योगायोग असेल. पण महाभारतात भीमाची आणि माकडाची भेट आहेच. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळं आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारं वानर शेपूट पसरून पडलं होतं. भीमाने सगळी ताकद लावली, शेपूट हललं नाही. तो हनुमान, वायूचाच मुलगा, म्हणजे भीमाचा थोरला भाऊ. निघताना त्याने वचन दिलं ते असं, की युद्धात तुझ्या गर्जनेत माझी गर्जना मिसळीन आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसेन. एवढा बलवान, आणि मागून घेतली ती जागा निशाणावरची.

याच हनुमानाचं नाव अमरावतीने आपल्या आखाड्याला दिलं. वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारलं, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात पाहा: रामाचं देऊळ असेल नसेल, मारुतीचा पार असतोच. गावात शिरताना पहिला भेटतो तो सोबती.

पण मारुतीला नुसता दास म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. रामाच्या आधी तो सुग्रीवाचा मंत्री होता. पावसाळा सरला, सुग्रीव राज्यसुखात बुडाला आणि सीतेला शोधायचं वचन विसरला, तेव्हा त्याला स्पष्ट शब्दांत आठवण देणारा हनुमानच. लंकेत त्याला काम दिलं होतं सीतेचा ठावठिकाणा काढायचं. अशोकवन उद्ध्वस्त करायला कुणी सांगितलं नव्हतं. शत्रूचं बळ किती ते अजमावून जावं, हा निर्णय त्याने स्वतःच्या डोक्याने घेतला. सातव्या पायरीचा आदर्श म्हणून आपण ज्याला पुजतो, त्याचा एक पाय आठवीवर आहे.

समर्थांचं सख्यही काही लाडीगोडीचं नाही. देवाला जे आवडतं ते आपण करावं, त्यासाठी आपलं सुख सोडावं लागलं तर सोडावं, आणि मनासारखं झालं नाही म्हणून रुसू नये, असा त्यांचा रोख. या कसोटीवर जग्गू एकदम पास होतो. वारकरी संतांनी मात्र रुसण्याचा हक्क सोडला नाही. नामदेव देवाशी भांडतात, जनाबाई तर त्याला चार शब्द सुनावते. आणि देव काय करतो? जनाबाईच्या अभंगांत तो तिच्याबरोबर दळण दळतो, शेणी वेचतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने पाणी भरतो. कुरुक्षेत्रावर घोडे हाकतो. मराठी माणसाच्या देवाला सिंहासनापेक्षा हाताखालची जागा बरी वाटते, असं दिसतं. तेव्हा त्या गल्लीतल्या पोराला कुणी सांगायला हवं होतं, की तू नाही म्हणतोस ती भूमिका पंढरीच्या विठ्ठलाने हौसेने केली आहे. अर्थात त्याने ऐकलं नसतं. विठ्ठलाला ती निवडायला मिळाली होती, याला वयाने मिळाली होती.

आता अवघड भाग. सख्याला दोघे लागतात. अद्वैत म्हणतं दुसरं कुणी नाहीच. मग सोबत कुणाची कुणाला? या कोड्यात आयुष्यभर राहिलेला एक माणूस अमरावती जिल्ह्यातलाच. गुलाबराव महाराज 1881 मध्ये जन्मले आणि 1915 मध्ये गेले. तान्हेपणीच दृष्टी गेली, तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ झाले. वाचून दाखवणारा दुसरा, लिहून घेणारा दुसरा: त्यांच्या विद्वत्तेचं कामच सोबतीवर चालत असे. ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी अशी त्यांची स्वतःकडे पाहण्याची रीत होती. पुरुष असून ते मंगळसूत्र घालत, कुंकू लावत. आपल्या विचाराला त्यांनी मधुराद्वैत म्हटलं. एकपण मान्य करायचं, तरी प्रेमासाठी लागणारं दोनपण टाकायचं नाही. तर्काच्या शिस्तीत हे बसतं की नाही यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. पण नवविधा भक्तीच्या यादीत आठव्या पायरीवर दोघे अजून दोघे आहेत आणि नवव्या पायरीवर एकच उरतो, हे लक्षात घेतलं तर गुलाबराव कशासाठी अडून बसले होते ते कळतं. शेवटच्या पायरीआधी त्यांना थोडं थांबायचं होतं.

मालिकेला तर तिथे थांबावंच लागतं. जग्गू भीमात विरून गेला तर उद्याचा भाग कोण बघणार?

सोबत्याला काय मिळतं, याचं सगळ्यांत भरीव उत्तर मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला आहे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथे राहत. वागणं लहान मुलासारखं, लोकांच्या लेखी वेडं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि बाकीचे अनुयायी रिद्धपुरी येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. मग त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी एक काम हाती घेतलं. चक्रधरांबरोबर जे जे राहिले, फिरले, जेवले, त्या एकेकाकडे जाऊन ते विचारत: तुमच्या वाट्याला आलेली लीळा सांगा. कुठल्या गावी, कुठल्या झाडाखाली, तेव्हा कोण काय म्हणालं. यातून 'लीळाचरित्र' झालं, मराठी गद्यातला आद्य ग्रंथ.

ते उघडलं की चक्रधर एकटे क्वचितच सापडतात. बाइसा त्यांच्या जेवणाची काळजी वाहत आहेत, कुणाचं कुणाशी वाजलं आहे, महदाइसा प्रश्नामागून प्रश्न विचारते आहे. ही महदाइसा निमूट मान हलवणारी नव्हती. तिला कारण हवं असे, आणि तिने विचारलं म्हणून कितीतरी उत्तरं आज आपल्यापर्यंत पोचली. तिने स्वतः धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचली, तीही रिद्धपुरात. ग्रंथाची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत हरवली आणि सोबत्यांच्या पाठांतरातून तो पुन्हा उभा राहिला, असं महानुभाव परंपरा सांगते. चक्रधरांनी स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. त्यांचं बोलणं, चालणं, चिडणं, हसणं जे काही आपल्या हाती आहे, ते बरोबर असलेल्यांनी लक्षात ठेवलं म्हणून.

आता पुन्हा ढोलकपूरकडे. तिथल्या राजूचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. 2011 मध्ये निर्मात्यांनी त्याला 'मायटी राजू' नावाची स्वतंत्र मालिका दिली. त्यात राजूला अफाट ताकद आली, शहर आलं, स्वतःचे शत्रू आले. कागदावर ही बढतीच. पण ढोलकपूरच्या राजूची सगळी गंमत अशी होती, की ताकद नसताना तो भीमाच्या शेजारी छाती काढून उभा राहायचा. ताकद आल्यावर छाती काढण्यात काय नवल? जग्गूला अशी मालिका मिळाली नाही, आणि त्याचं फार वाईट झालं असं वाटत नाही.

शिवाय भीमाच्या ताकदीची मेख वेगळीच आहे. ती येते लाडवातून. लाडू टुनटुन मावशीच्या दुकानातला, आणि ऐन लढाईत तो भीमाकडे फेकणारा हात दुसऱ्याच कुणाचा. कधी चुटकीचा, कधी आणखी कुणाचा. लाडू वेळेवर आला नाही तर नऊ वर्षांचं एक पोरगं आणि समोर राक्षस, एवढंच चित्र उरतं.

राजापेठेतल्या त्या गल्लीत हे कुणीतरी शेवटी ओळखलं. खेळ पंधरा मिनिटं खोळंबला होता, दिवे लागायला आले होते, आणि भीम झालेल्या पोराच्या आजीने हाक मारून एक खरा बुंदीचा लाडू हातावर ठेवला होता. भिंतीला टेकलेल्या धाकट्याने तो पाहिला. जरा विचार केला.

"होतो मी जग्गू," तो म्हणाला. "पण लाडू माह्या खिशात राहीन. अन् कवा द्याचा, ते मी ठरवीन."

भीमाने कालियाकडे पाहिलं, कालियाने खांदे उडवले. लाडू खिशात गेला, खेळ सुरू झाला. पहिल्याच लढाईत भीम खाली पडून "जग्गू, लाडू!" म्हणून ओरडत होता, आणि जग्गू ओट्यावर उभा राहून त्याला विचारत होता, "पयले सांग, ढोलूले काऊन मारलं?"