इनबॉक्स हा कामाचा गठ्ठा नव्हे

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कागदपत्रं लावण्याची ‘सहा गठ्ठे पद्धत’ आहे. टेबलावर चालू असलेली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणं, ठरावीक मुदतीत पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे हे सहा गठ्ठे. प्रत्यक्षात ती किती टेबलांवर पाळली जाते हा भाग वेगळा, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे. कागद आला कधी, हे आवक बारनिशीच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. गठ्ठा ठरतो तो कागदाचं पुढे काय करायचं यावरून. ईमेलचा इनबॉक्स नेमका उलटा चालतो. जे शेवटी आलं ते सगळ्यात वर. निविदेची मुदत सांगणारं पत्र आणि कॅन्टीन उद्या बंद असल्याची सूचना एकाच ठळक अक्षरात एकाखाली एक बसतात आणि दुपारपर्यंत दोन्ही पडद्याच्या खाली सरकतात. दिवसभर इनबॉक्स उघडा ठेवून काम करणारा माणूस म्हणजे कामाचा क्रम टपाल येण्याच्या वेळेवर सोपवलेला माणूस.

हे एका माणसाच्या आळशीपणामुळे घडत नाही. पूर्वी टपाल घेणारा, नोंद करणारा, पत्र योग्य टेबलाकडे ‘मार्क’ करणारा आणि उत्तर लिहिणारा ही वेगवेगळी माणसं होती. आता ती चारही एकाच खुर्चीत बसतात, आणि पहिल्या तिघांचं काम चौथ्याचा वेळ खातं. पाठवणाऱ्याला मात्र काहीच खर्च नाही. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कार्बन लावून वाचता येतील अशा चार-पाच प्रती निघायच्या, त्यामुळे कुणाला प्रत द्यायची याचा विचार आपोआप व्हायचा. आज चाळीस जणांना प्रत देणं एकाला देण्याइतकंच सोपं आहे. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या 2012 च्या अहवालानुसार, कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या आठवड्यातला सुमारे 28 टक्के वेळ ईमेलवर जात होता.

म्हणून ‘इनबॉक्स रोज रिकामा करा’ हा लोकप्रिय सल्ला मला अपुरा वाटतो. पत्र पाहून त्यात दडलेल्या कामाचा आकार कळत नाही. ‘मागच्या तीन वर्षांचे आकडे एका तक्त्यात मिळतील का?’ ही एक ओळ दोन तास खाते, आणि दहा परिच्छेदांचं परिपत्रक अर्ध्या मिनिटात संपतं. कामाचा आकार दिसण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे कॅलेंडर. आउटलुकमध्ये एखादं पत्र माउसने ओढून कॅलेंडरच्या चिन्हावर सोडलं की नवी नोंद उघडते, पत्राचा मजकूर तिच्यात आलेला असतो. जीमेलमध्येही पत्रावरून थेट कार्यक्रम तयार करता येतो. त्या चौकटीत दोन रकाने भरावेच लागतात: किती वाजल्यापासून आणि किती वाजेपर्यंत. इनबॉक्स हा प्रश्न कधीच विचारत नाही. बुधवारी अकरा ते एक जागा असेल तर आकड्यांचं काम तिथे बसतं. नसेल तर ‘गुरुवारी दुपारपर्यंत देतो’ असं उत्तर लगेच जातं, आणि ते पोकळ नसतं. समोरच्याकडून काही यायचं असेल तर सोमवारी सकाळी पाच मिनिटांची नोंद टाकावी, म्हणजे तो प्रतीक्षाधीन गठ्ठा झाला. शिवाय कॅलेंडरवर फक्त बैठका टाकणाऱ्याचा उरलेला दिवस सहकाऱ्यांना ‘मोकळा’ दिसतो आणि ते तिथे आणखी बैठक लावतात. यात त्यांचा काय दोष?

यावर पहिला आक्षेप असा की दिवस असा आखून चालत नाही, अचानक कामं येतातच. खरं आहे, आणि आपले अंदाजही कच्चे असतात. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या 1994 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी 34 दिवसांत संपेल असं सांगितलं होतं. लागले 55 च्या वर. पण यावरून निघतं ते इतकंच, की कॅलेंडर काठोकाठ भरू नये. अंदाज चुकला हे कळायलाही तो आधी कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. दुसरा आक्षेप तत्परतेचा: उत्तर लगेच न देणं हा उद्धटपणा नाही का? ग्राहकसेवेत किंवा नियंत्रण कक्षात लगेच उत्तर देणं हेच काम आहे, तिथे हा सगळा युक्तिवाद लागू नाही. इतरत्र, खरोखर तातडीचं असेल तर माणूस फोन करतो. कोस्टाडिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 124 जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ईमेल पाहायला सांगितलं होतं. त्या आठवड्यात त्यांचा ताण कमी आढळला.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: साहेबाचं कॅलेंडर साहेबाचं असतं, कनिष्ठाचं सगळ्यांचं. इथे वैयक्तिक शिस्तीचं माप संपतं. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून मोठ्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाबाहेरच्या वेळेत संपर्काबाहेर राहण्याच्या हक्कासाठी 2018 चं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर जे व्हायचं ते संघाच्या पातळीवरच. हिंजवडीतल्या संघाचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या आयोजकाने सकाळी दहाची साप्ताहिक बैठक लावली की ती पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला येते. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत, आणि तीच बैठक गुपचूप साडेआठवर सरकते. कुणी विचारलेलं नसतं, कारण सॉफ्टवेअर आयोजकाची वेळ धरून चालतं. पुढच्या मार्चपर्यंत जेवणाची वेळ त्या निमंत्रणाच्या ताब्यात. असं निमंत्रण शेवटची तारीख न घालताही पाठवता येतं आणि बहुतेकदा तसंच पाठवलं जातं. तिथे तीन महिन्यांनंतरची तारीख घालायची, म्हणजे बैठक चालू ठेवायची असेल तर कुणाला तरी नव्याने मागावी लागेल, आणि तेव्हा वेळेचं बोलणंही निघेल.