दागिना घ्यावा तो कोणता?

परमार्थाच्या मासिकात सराफाच्या पेढीची गोष्ट कशाला, असे कोणी वाचक म्हणेल. त्यावर माझे म्हणणे एवढेच की, ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्याच्या मनातून सोने जात नाही, आणि मनात जे घोळते ते हरिपाठ म्हणतानाही मध्येच डोके वर काढते. मग त्याचा एकदा नीट विचार केलेला काय वाईट? नरहरी सोनार सोनारकी करता करताच संतमंडळीत जाऊन बसले. त्यांनी ऐरण-हातोडी चंद्रभागेत टाकल्याचे कोणी सांगत नाही.

त्यांची ती करगोट्याची गोष्ट आपण कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा बोलला, माप आणून दिले, नरहरींनी घडवला, तर तो कधी सैल होई, कधी आखूड पडे. पुढे डोळे बांधून ते देवळात गेले आणि हरि-हरांचा भेद गळाला. कीर्तनकार तो भाग रंगवून सांगतात, आणि सांगावाच. माझे मन मात्र अलीकडे त्या सावकारापाशी घोटाळते. बिचारा किती तोळे लावायचे ते ठरवून आला, माप घेऊन आला, हेलपाटे घातले. पण ज्याच्या अंगावर घालायचे त्याच्या मनात काय आहे, हे काही त्याला कळले नाही. आपण मुलीचे दागिने करतो ते बहुधा असेच.

हे आता सुचण्याचे कारण घरातलेच आहे. माझ्या नातीचे लग्न ठरले आहे. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पलीकडे गेला, तेव्हापासून आमच्या सोलापुरात लग्नघरी सनईच्या आधी आकडेमोडच ऐकू येते. माझ्या लेकीला, म्हणजे नवरीच्या आईला, चारचौघांत उठून दिसेल असा खड्यांचा हार करायचा होता. नात म्हणाली, "मला कपाटात ठेवायला काही नको, रोज अंगावर राहील असं काहीतरी द्या." दोघींची दोन दिवस बोलाचाली बंद. शेवटी लेक माझ्यापाशी आली, "बाबा, तुम्हीच सांगा वो तिला." मी काय सांगणार! या बाबतीत सांगण्याचा अधिकार मी १९९४ सालीच गमावून बसलो आहे. ते आधी सांगतो.

आमची शेती मंगळवेढ्याकडे. ज्वारीचा मुलूख, पण पाऊस असेल तर. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला गेली, परदेशातून आलेला लाल मिलो लोकांनी नाके मुरडत खाल्ला. बैल विकायचे की जगवायचे, हा घरापुढचा प्रश्न होता. वडील ओट्यावर गप्प बसून होते. आईने आपण होऊन हातातल्या पाटल्या साबण लावून काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. चार तोळ्यांच्या, भरीव, वर एक साधी वेल कोरलेली. त्या सावकाराकडे गहाण पडल्या, कडबा आला, बैल जगले. पुढे पिके बरी आली तसे वडिलांनी व्याजासकट पैसे फेडून पाटल्या सोडवून आणल्या. आईने त्या हातात घातल्या आणि भाकरी थापायला बसली. एवढेच. मला आठवते ते हे की, तीन वर्षे तिच्या मनगटावर त्या पाटल्यांचा गोरा पट्टा तसाच दिसत होता.

१९९४ साली माझ्या लेकीचे लग्न निघाले. व्याही तोलामोलाचे. त्यांनी तोंडाने काही मागितले नाही, पण 'आमच्याकडची सून' कशी दिसावी हे दोनदा सुचवले. मी शाळामास्तर. मी आईला म्हटले, पाटल्या जुन्या पद्धतीच्या झाल्या, मोडून हार करू. आईने काढून दिल्या. या खेपेला साबण लागला नाही, हात वाळले होते. ती काही बोलली नाही. मी ते न बोलणे संमती म्हणून धरले.

हार सुरेख झाला, यात खोटे नाही. मांडवात सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर लेकीने तो तीन-चार वेळा घातला असेल, एरवी पेटीत. २००३ साली जावयांचे दुखणे निघाले, पैशाची निकड लागली, तेव्हा मोडायला नेला. ज्या पेढीवर घडवला होता ती तोवर बंद झाली होती. दुसऱ्याने खडे काढून बाजूला ठेवले, मण्यांतली लाख काढली, सोने आटवले, आणि तराजूकडे बोट दाखवले. वजन तर कमी भरलेच. शिवाय सोने २२ कॅरेटचे म्हणून घेतले होते ते तेवढ्या कसाचे निघाले नाही. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क आपल्याकडे २००० सालापासून सुरू झाला. १९९४ साली सारा व्यवहार शब्दावर. चार तोळ्यांच्या पाटल्यांतून हातात जे आले ते अडीच तोळ्यांच्या पैशाइतकेही नव्हते. जावई बरे झाले, पांडुरंगाची कृपा. पण परतताना रिक्षात लेक म्हणाली, "बाबा, आजीच्या पाटल्याच असत्या तर?" त्याचे उत्तर मी आजवर दिलेले नाही.

दोष त्या सोनाराचा किती आणि माझा किती, याचा मी पुष्कळ विचार केला. पुढे एका वकील स्नेह्याच्या घरी मिताक्षरेचे मराठी भाषांतर चाळायला मिळाले. तिचा कर्ता विज्ञानेश्वर आपल्या शेजारचाच म्हणायचा. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना बसवकल्याण लागते, तीच चालुक्यांची कल्याणी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळी त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. स्मृती म्हणते की दुष्काळात, धर्मकार्यात, रोगात आणि बंदिवासात नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन वापरले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. एरवी ते तिचे. मी ती चार कारणे पुन्हा पुन्हा वाचली. १९७२ त्यांत बसते. २००३ बसते. १९९४ कोठेही बसत नाही. लौकिक हे कारण त्या यादीत नाही. आणि आपत्तीतही ही मुभा नवऱ्याला दिली आहे, इतरांना नाही. मी तर मुलगा. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्त्रीधन हे सर्वस्वी स्त्रीचेच असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे कायदा जुना धरा की नवा धरा, मी दोन्हीकडून सापडतो.

तेव्हापासून दागिना पाहिला की मी मनात त्याला विचारतो, बाबा रे, दुष्काळात तू कामाला येशील काय? या एका प्रश्नाने पुष्कळ दागिने गळतात. तेही का गळतात ते समजून घेतले पाहिजे. समजा, एक हार तीस ग्रॅम भरला. त्यात खडे आणि लाख मिळून पाच ग्रॅम, सोने पंचवीस. घडणावळ शेकडा वीस धरली तर पाच ग्रॅमचे पैसे तिकडे गेले. वर शेकडा तीन कर. तो घडणावळीवरही बसतो, म्हणजे आणखी जवळजवळ एक ग्रॅम. खड्यांचे दाम निराळे. तुम्ही एकतीस ग्रॅमचे पैसे मोजून बाहेर पडलात, आणि पायरी उतरून लगेच परत वर गेलात तर हाती पंचवीसचे येतील, तेही घट धरली नाही तर. त्याच पंचवीस ग्रॅमच्या साध्या पाटल्या घेतल्या, घडणावळ शेकडा आठ पडली, तर कर धरून तीन ग्रॅमच्या आतच तूट येते. खड्यांसकट वजन करून सोन्याचा भाव लावणारे महाभागही असतात. म्हणून पावतीवर निव्वळ सोने, खडे आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. यात लाजायचे काय? देवाच्या दारी लाजावे, पेढीवर लाजू नये. आता २०२१ पासून हॉलमार्कबरोबर प्रत्येक डागावर सहा अक्षर-अंकांची खूण असते, ती फोनवर तपासता येते. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४. हिऱ्याच्या दागिन्याचे मोडीचे पैसे विचारून पाहा, दुकानदार चहा मागवील.

पण केवळ मोडीवर दागिन्याची किंमत ठरवू लागलो तर आपण दागिना घेतच नाही, वीट घेतो. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर जा. नंदीध्वज पाहायला, अक्षता टाकायला आलेल्या बाया बांगड्यांच्या दुकानापुढे बसलेल्या दिसतील. विड्या वळून बोटे काळवंडलेली, पण कासार हात दाबून बांगड्या चढवतो तेव्हा तोंडावर काय हसू असते! त्या काचेच्या बांगडीला मोड शून्य. दिलेला पैसा सगळाच्या सगळा घडणावळीत गेला. तो वाया गेला असे म्हणायची माझी छाती नाही. त्या घरी पोचायच्या आत दोन फुटतील आणि उरलेल्या संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत भांडी घासताना वाजत राहतील. माझ्या हाराने पेटीत नऊ वर्षांत एवढा आवाज केला नाही. एक ग्रॅमवाले नकली दागिनेही असेच. घालणारीला ठाऊक आहे, विकणाराने लपवले नाही, मग त्यात पाप ते कसले?

आणि घडणावळ म्हणजे तरी काय? कोणाची तरी भाकरीच. चीनच्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले. १४ कॅरेटहून चोख सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. लोकांनी १४ कॅरेटला नावे ठेवली, दागिने करणे थांबवले, आणि गावोगावचे सोनार बसून राहिले. पिढ्यान्पिढ्या फुंकणी धरलेले हात दुसऱ्या कामाच्या शोधात हिंडले. १९६८ चा कायदा तर १९९० सालापर्यंत चालला. गंमत अशी की, सरकारने सांगितले तेव्हा नको असलेले ते १४ कॅरेट आज भाव चढल्यामुळे लोक आपण होऊन मागताहेत. असो. सांगायचे ते हे की, कारागिराच्या हाताला पैसा देणे ही तूट नव्हे. जिच्या अंगावर तो हात रोज दिसणार आहे तिने तो अवश्य द्यावा. पेटीत कोंडायच्या वस्तूसाठी द्यायचा की नाही, हे मात्र ज्याने त्याने पाहावे.

एका जातीच्या खरेदीबद्दल मला दोन बाजू दिसत नाहीत. व्याह्यांनी तोळे मोजून मागितलेले सोने हा दागिना नव्हेच, ती खंडणी आहे. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. साठ वर्षे उलटून गेली तरी आपण तोच हुंडा 'हौस' म्हणून देतो. आमच्यापैकी कित्येक गळ्यात माळ घालून याद्या करायला बसतात, मीही बसलो आहे. परिसा भागवतांचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला, हे आख्यान ऐकून माना डोलावणारे आम्ही, मंडपातून बाहेर पडताच "आज भाव काय निघाला वो?" म्हणून विचारतो.

हे सारे मी लेकीला सांगितले नाही. तिला एवढेच विचारले, "तुझ्या हारात तुला आठवतं ते काय?" ती बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "खडे काढताना तो चिमटा धरला होता ना, ते." थोड्या वेळाने तिनेच नातीला हाक मारली.

परवा तिघेजण सराफकट्ट्यावर गेलो. चार तोळे आता कोठून आणायचे? पैसे होते त्यांत दोन बसत होते. साध्या पाटल्या, वर एक बारीक वेल. पेढीवरच्या पोराने काट्यावर ठेवल्या. लेक म्हणाली, "ह्यात लाख नाही ना? निव्वळ किती हाय ते आधी लिवा की पावतीवर." पोरगा हसला, पण त्याने लिहिले. मग भिंग घेऊन तिने आतल्या बाजूची सहा अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचली आणि नातीने ती फोनवर पडताळली.

पैसे मोजून झाल्यावर लेकीने एक पाटली उचलली. नातीला देणार तोच थांबली, आणि स्वतःच्या हातात सरकवली. मनगट जरा फिरवून पाहिले. मग काढली आणि पुढे केली.