खिडकीतले चित्र

रंगीत काचेच्या चित्राचे मला नेहमी नवल वाटते. भिंतीवरच्या चित्राला आपला रंग पुरतो. या चित्राला सूर्य उसना घ्यावा लागतो. कोबाल्ट मिसळून काच निळी करा, शिशाच्या पट्ट्यांत तुकडे जोडा, पण ऊन येईपर्यंत सारे मुकेच. आणि ऊन आले की काहीही सुंदर दिसते. काहीही! घोटाळा आहे तो इथेच.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका छात्रावासाला जॉन कॅल्हूनचे नाव होते. येलचा १८०४ चा हा पदवीधर पुढे देशाचा उपाध्यक्ष झाला, आणि गुलामगिरी ही हिताचीच गोष्ट आहे, असे १८३७ साली त्याने सिनेटात ठासून सांगितले. छात्रावासाच्या भोजनगृहातल्या एका खिडकीत, डोक्यावर कापूस वाहणारे गुलाम रंगीत काचेत चितारले होते. जून २०१६ मध्ये तिथे भांडी घासणाऱ्या एका कृष्णवर्णीय कामगाराने झाडूच्या दांड्याने ती काच फोडली. त्याला अटक झाली, नोकरी गेली. पुढे विद्यापीठाने त्याला परत कामावर घेतले आणि खटलाही रद्द झाला.

त्याने केले ते बरोबर की चूक? काचा बाहेर रस्त्याने जाणाऱ्या एका बाईवर पडल्या. तिला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. दांड्याला न्याय कळत नाही, म्हणून मी दांड्याची बाजू घेणार नाही. पण त्या हाताला दोष देताना माझी जीभ अडखळते. विद्यार्थी चार वर्षे तिथे जेवतो आणि निघून जातो. खरकटी उचलणारा मात्र रोज त्या खिडकीखाली वावरतो, आणि तिच्यातली माणसे त्याला परकी नसतात.

कोणी म्हणेल, इतिहास पुसू नये. अगदी खरे. दिवाळीची झाडझूड करताना आजोबांचे जुने कर्जखत हाती लागले, तर आपण ते फाडत नाही; जपून पेटीत ठेवतो. पण चौकटीत बसवून जेवणघरातही लावत नाही! पेटीतला कागद पुरावा असतो. भिंतीवर टांगला की तो गौरव होतो. कागद तोच, जागेने अर्थ बदलतो.

२०१७ साली त्या छात्रावासाला संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचे नाव दिले गेले. २०२२ मध्ये बार्बरा अर्ल थॉमस यांनी रेखाटलेल्या नव्या काचा भोजनगृहात बसल्या. त्यासाठी आधी एक काच फुटावी लागली, याची खंत वाटते.

विद्येच्या घरात फळ्याइतकीच भिंतही शिकवते, आणि तिचा धडा कोणी तपासत नाही. तेव्हा तिथे चित्र लावताना ते सुंदर आहे की नाही, एवढेच विचारून भागणार नाही. त्याच्याखाली बसून कोणाच्या घशाखाली घास उतरणार नाही, हेही विचारले पाहिजे. आणि ते झाडू उचलला जाण्याआधी.