कानात घातलेला हरिपाठ

"लेकरा, ह्ये कानात घालून ऐकलेला हरिपाठ देवाला पोचतो का रं?" काउंटरवर कोपर टेकून एका आजींनी विचारलं. नातवानं पुण्याहून इअरफोन पाठवला होता, तो कसा लावायचा ते दाखवून घ्यायला त्या आल्या होत्या. "पोचतो की, आजी," मी म्हणालो. समोर गिऱ्हाईक असताना दुकानदार दुसरं काय म्हणणार? पण तेव्हापासून हाच प्रश्न मी ज्याला त्याला विचारतोय. आमच्या भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं उलटा प्रश्न केला, "आन टाळ कोण वाजवायचा मग? फोन?"

मंगळवेढ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचो, म्हणजे बेल्ट बदल, हेड स्पिरिटनं पूस, अडकलेली कॅसेट पेन्सिलनं गुंडाळ. रात्री गावात कीर्तन असलं की मी बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा. लोक काय ऐकतात आणि कसं ऐकतात हे मी त्यामुळे दोन्हीकडून बघत आलोय.

२०१० च्या आसपास माझा खरा धंदा मेमरी कार्ड भरण्याचा होता. दोन जीबीचं कार्ड, वीस-तीस रुपये, अर्धा तास. कॉम्प्युटरवर फोल्डर करून ठेवलेले: भक्ती, जुनी हिंदी, लावणी, कव्वाली, डीजे. हक्कबिक्कांचा विचार तेव्हा तालुक्याच्या बाजारात कुणी करत नसे. सगळ्यात जास्त मागणी बाबामहाराज सातारकरांच्या हरिपाठाला, त्याखालोखाल प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलगीतांना, आणि भीमसेनांचे अभंग मास्तर लोक आवर्जून मागत. चिनी फोनचा जमाना होता तो. त्यांचे स्पीकर असे दणदणीत, की आमच्या मालदांडी ज्वारीच्या काढणीला आलेल्या बायका एक फोन बांधावर ठेवायच्या आणि तो सगळ्यांना ऐकू जायचा. कुणाला नको असलं तर ती तिथूनच ओरडायची, "बदल गं ते!" मग त्यावर वाद, हसणं, आणि शेवटी बहुमताचं गाणं. २०१६ च्या सप्टेंबरात डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरण्याचा धंदा बसला. आता बायका तितक्याच आहेत, रानही तेच आहे, पण ज्याच्या त्याच्या कानात वेगळं वाजतं.

एकट्यानं ऐकणं हे काहीतरी वावगं आहे असं सुरुवातीला खुद्द ते यंत्र करणाऱ्यांनाही वाटलं होतं. सोनीचा पहिला वॉकमन जुलै १९७९ मध्ये जपानात आला. त्याला इअरफोनची भोकं दोन होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं. वर एक केशरी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली यायचा आणि छोट्या माइकमधून शेजारच्याशी बोलता यायचं. कंपनीच्या अकिओ मोरिता यांनी नमुना घरी नेला, तर आपण बाजूला पडलो म्हणून त्यांच्या पत्नी नाराज झाल्या. त्यावरून हे दुसरं भोक सुचलं, असं मोरितांनीच लिहून ठेवलंय. लोकांना मात्र ते यंत्र स्वतःपुरतंच हवं होतं. पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेलं. मला त्या बटणाचं फार वाटतं. आमच्या कीर्तनात ते आपोआप असतं. बुवा गाता गाता थांबून पुढच्या रांगेतल्या एखाद्या आबांना विचारतात, "काय आबा, पटतंय का?" आणि आबा दचकून जागे होतात.

आता आजींचा प्रश्न. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो, त्यात श्रवण पहिलं. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थही तिथूनच सुरुवात करतात. देवाचं काही करायचं नसेल तर निदान ऐक, इतकी ही सोपी पायरी. मग अडचण कुठे आहे? कानात इअरफोन असो की समोर बुवा, शब्द तेच, चाल तीच. उलट फोनमध्ये मागचा खोकत नाही.

पण ज्याच्यामुळे गावोगाव सप्ताह बसतो तो परीक्षित बघा. सात दिवसांत तक्षक येणार हे त्याला माहीत होतं, आणि तो शुकांसमोर बसला. कंटाळा आला म्हणून त्याला सृष्टीच्या उत्पत्तीचा भाग ओलांडून दहाव्या स्कंधात कृष्णाकडे उडी मारता येत नव्हती. शुक जे आणि ज्या क्रमानं सांगतील ते, तसं. आणि शुक सांगतात ते तरी का? हा विचारतोय म्हणून. नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली तेव्हाही श्रोते म्हणजे भिंत नव्हती. नवव्या अध्यायाच्या तोंडालाच ते श्रोत्यांकडे लक्ष मागतात. इतकं लाडानं मागतात, की जणू आपलं बोलणं उभं राहायला समोरच्याचा कान लागतो. टाळकरी म्हणून मला हे अगदी आतून ठाऊक आहे. समोर माणसं पेंगायला लागली की बुवांचा निरूपणाचा धागा आखडतो, मध्येच गजर येतो, आमचे टाळ चढतात. माणसं जागी असली की तोच अभंग तासभर जास्त चालतो. ऐकणारा कीर्तन घडवत असतो. फोनमधले बुवा माझ्यासाठी काही आखडत नाहीत आणि काही वाढवतही नाहीत. मी पेंगतोय की रडतोय हे त्यांना कळत नाही.

इथपर्यंत मी आमच्या म्हाताऱ्या टाळकऱ्याच्या बाजूचा. इथून पुढे नाही.

कारण "समोर बसून ऐकावं" हे म्हणणारे बहुतेक वेळा समोर बसायला मिळालेले असतात. माझ्या आईनं सप्ताहातलं एकही कीर्तन मंडपात बसून पुरतं ऐकलेलं मला आठवत नाही. ती पंगतीच्या भाकरी थापत असायची. तिला कीर्तन ऐकू यायचं ते कर्ण्यातून, चुलीच्या धुरातून, आणि पोरं रडली की तेवढं बुडायचं. दारावरचा कर्णा हे तिचं पहिलं यंत्र. आता माझी बायको मसाला कुटताना फोन लावून तेच निरूपण अथपासून इतिपर्यंत ऐकते, आणि मंडपात बसलेल्या माझ्यापेक्षा तिला बुवांचे दृष्टांत जास्त पाठ आहेत. तिचं श्रवण कमी प्रतीचं आहे असं म्हणायला मी धजावणार नाही (घरात राहायचंय).

आणि आमच्या गावात राहून ज्याला विसरता येत नाही तो चोखोबा. पंढरपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. तिथल्या देवळात त्याला पाऊल टाकता आलं नाही. जे ऐकलं ते दाराबाहेरून. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि तो मजुरांसोबत त्याखाली गेला, ते साल १३३८ सांगतात. ढिगाऱ्यातली हाडं कुणाची ते ओळखू येईना. तेव्हा नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं, आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची, अशी कथा. त्या अस्थींची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. दार त्याच्या लोकांसाठी उघडायला सानेगुरुजींना मे १९४७ मध्ये उपास करावा लागला. सहाशे वर्षं! मी गावात मुक्कामाला आलेल्या एका महाराजांना विचारलं होतं, की हाडातून येणारं नाम चालतं, तर फोनमधून येणारं का चालू नये? ते म्हणाले, "हाड त्याचं स्वतःचं होतं." उत्तर चांगलं आहे, पण पुरं नाही. कारण ऐकणारा नामदेव होता, आणि बोलणारा तर जिवंतसुद्धा नव्हता.

कार्ड भरायला आलेल्या माणसाला मी कधी विचारलं नाही, तू कोण, तुला हे ऐकायचा अधिकार आहे का. असा प्रश्न विचारण्याची सोयच त्या यंत्रात नाही. भीमगीतं, कव्वाल्या आणि विठ्ठलाची गाणी एकाच गळ्यातून गाणारे प्रल्हाद शिंदे वरच्या आळीत वाजायचे आणि खालच्या आळीतही. ज्या परंपरेत कोणी काय ऐकायचं यावर पिढ्यानपिढ्या पहारे होते, तिथं वीस रुपयांचं कार्ड ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून कुणी फोनच्या श्रवणाला नाक मुरडलं की मला आधी त्याचा मंडपातला पाट दिसतो.

करमणुकीचंही तसंच. लोक तक्रार करतात, की फोनवर हरिपाठ संपतो न संपतो तोच 'झिंगाट' सुरू होतं. होऊ दे की. आमच्या यात्रांमध्ये देवळात भजन आणि पलीकडे तमाशाची कनात, हे काय आजचं आहे? बुवासुद्धा नवराबायकोचे विनोद सांगतातच. हरिपाठ आणि लावणी एका खिशात राहिल्यानं कुणाचा देव विटाळत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. परवा कॉलेजातला एक पोरगा फोनची काच बदलायला आला होता. ज्ञानेश्वरीवरचं प्रवचन ऐकत होता, दीडपट वेगानं. मी विचारलं, असं का? "काका, महाराज मध्ये मध्ये फार थांबतात." हुशार पोरगं आहे, आणि त्याला पुढच्या अध्यायापर्यंत पोचायचंय. पण महाराज थांबतात ते दम लागला म्हणून नव्हे. याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात त्यात नुसतं श्रवण नाही. त्यामागे मनन आहे, आणि त्यामागे निदिध्यासन. ऐकायचं, मग घोळवायचं, मग त्यातच राहायचं. फोननं यातलं पहिलं भरपूर वाढवलं आणि दुसऱ्याची जागा खाल्ली. अभंग संपतो, आणि शेवटचा चरण मनात उतरायच्या आत पुढचं आपोआप सुरू. कुणी मागितलेलं नसतं तरी. कीर्तनातला विनोद तीस सेकंदांच्या रीलमध्ये कापून येतो. ज्या गंभीर गोष्टीसाठी बुवांनी माणसांना हसवून जागं केलं, ती गोष्टच त्यात नसते. जागं झालेलं माणूस बोट वर सरकवून पुढच्या विनोदाकडे जातं.

कीर्तन सुटल्यावर रात्री आम्ही चालत घरी यायचो, तेव्हा निम्मं कीर्तन वाटेवर व्हायचं. कुणी म्हणायचं, बुवांनी तो दृष्टांत उलटा लावला. कुणी नुसताच गप्प. काही वेळा तर वाद थेट ओट्यावर, बारा वाजेपर्यंत. त्या वेळात कानात काहीच वाजत नव्हतं, म्हणून हे जमायचं. बोट ज्याच्या हातात आहे त्याला थांबताही येतं, हे खरं. पण थांबायचं ठरवावं लागतं, आणि ते यंत्र सगळं उलट दिशेनं बांधलेलं आहे. दुसऱ्याच्या वेळेत बसून राहणं, कंटाळा आला तरी उठून न जाणं, आणि संपल्यावर लगेच दुसरं न मागणं, एवढं जिला फोन लावूनही जमतं तिचं ऐकणं मी पुरतं धरतो. मंडपात पहिल्या रांगेत बसून ज्याला जमत नाही, त्याचं नाही.

यावर दुकानदार काय करणार? माझ्या परीनं एक केलंय. बटणाचे साधे फोन वापरणारी जुनी माणसं अजूनही कार्ड भरून मागतात. त्यांच्या कार्डात मी हरिपाठानंतर एक मुकी फाइल टाकतो. काहीच आवाज नसलेली, दोनेक मिनिटांची. ती संपल्याशिवाय पुढचं गाणं लागत नाही. विचारल्याशिवाय कुणाला सांगत नाही.

बरेच जण कार्ड खराब आहे म्हणून परत घेऊन आले. एका मावशींना मी सगळं नीट समजावून सांगितलं: श्रवण, मनन, याज्ञवल्क्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही.

"समदं खरं, दादा," त्या म्हणाल्या, "पर त्येवढा तुकडा काढून टाक. बॅटरी फुकट जाती."

"आवाज नसताना बॅटरी कमीच जाते, मावशी."

"मग जाऊ दे," असं म्हणून त्यांनी फोन पिशवीत टाकला, आणि चार्जर कितीला म्हणून विचारलं.