स्वतंत्र लेखक आणि अभिप्रायाची नीती

कथात्म साहित्याच्या संदर्भात ‘स्वतंत्र’ हा शब्द मराठीत एके काळी विशिष्ट अर्थाने वापरला जात असे. जी अनुवादित वा रूपांतरित नाही, ती स्वतंत्र कादंबरी. तेथे स्वातंत्र्य कृतीचे होते. आज आपण ‘स्वतंत्र लेखक’ म्हणतो तेव्हा हे विशेषण कृतीकडून व्यक्तीकडे सरकलेले असते. प्रस्थापित प्रकाशनसंस्था, नियतकालिक वा वाङ्मयीन गट यांच्या आश्रयाशिवाय, बहुधा पदरमोड करून, जो लिहितो आणि छापतो तो स्वतंत्र लेखक, असा आता सर्वसाधारण समज आहे. असा लेखक नेमका कोणापासून स्वतंत्र असतो, आणि त्याच्या स्वातंत्र्यासंबंधी वाचक-समीक्षकावर काही जबाबदारी येते काय, हे प्रस्तुत लेखातील प्रश्न आहेत.

सातारा-सांगलीच्या परिसरात या प्रश्नांना प्रत्यक्ष चेहरे आहेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, आणि माणदेश तर आजही दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. या टापूत शाळामास्तर, एसटीतील वाहक, साखर कारखान्यातील कारकून अशी कितीतरी माणसे कथा-कादंबऱ्या लिहितात. त्यांच्या लेखनाच्या सवयी नोकरीने आणि शेतीने ठरवून दिलेल्या असतात : पहाटेचे दोन तास, दिवाळीची सुटी, हंगाम संपल्यानंतरचे दिवस. त्यांची अभिरुची तालुक्याच्या वाचनालयात घडलेली असते. खांडेकर, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील हे तिचे टप्पे. प्रेरणा विचारली तर उत्तर बहुधा एकच मिळते : आमच्या गावाचे कोणी लिहिले नाही. ही प्रेरणा हास्यास्पद नाही. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) वाचलेल्या माणसाला आपल्या गल्लीतील माणसेही लिहिण्याजोगी आहेत असे वाटावे, हा त्या पुस्तकाचा पराभव नसून विजयच आहे.

स्वातंत्र्य पैशावर अवलंबून असते, असे मानण्याकडे आपला कल असतो. पण या परिसराचा वाङ्मयीन इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांना शालेय शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही. मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्यांनी लेखन केले, आणि ते विपुल केले. कलापथक, चळवळ, प्रकाशक, वाचक या साऱ्यांशी ते बांधलेले होते. तरीही ‘फकिरा’ (१९५९) कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली असे वाटत नाही. उलट टोकाला चारुता सागर. कवठेमहांकाळ तालुक्यातील मळणगावचे दिनकर दत्तात्रय भोसले या नावाने लिहीत. भटकंती, लष्करातील नोकरी, मग शिक्षकी पेशा; आणि ‘नागीण’सारखे मोजके कथासंग्रह. त्यांच्या ‘दर्शन’ या कथेचा आधार ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने घेतला, तेव्हा कोठे अनेकांना हे नाव नव्याने कळले. एकाने लेखणीवर पोट भरण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्याने पोटाची सोय अन्यत्र केली. दोघांचे स्वातंत्र्य मिळकतीच्या मार्गात शोधता येत नाही. लिहिताना आपण कोणाला उत्तरदायी आहोत, या जाणिवेत ते शोधावे लागते. दोघेही प्रथम आपल्या माणसांना उत्तरदायी होते.

या कसोटीवर स्वखर्चाने छापणारा लेखक पाहिला तर एक विसंगती ध्यानात येते. प्रकाशकाच्या नकारापासून तो मुक्त असतो. मान्यतेच्या भुकेपासून मात्र नसतो. नकार देणारे कोणी उरले नाही की होकाराचे मोल भलतेच वाढते. म्हणून पुस्तकाला प्रस्तावना लागते, मलपृष्ठावर अभिप्राय लागतो, आणि तो विद्यापीठातील कोणाचा तरी लागतो. येथे स्वतंत्र लेखक आपले स्वातंत्र्य आमच्या टेबलावर आणून ठेवतो.

एक अनुभव सांगणे येथे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या कथासंग्रहाला मी प्रस्तावना लिहिली. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम त्यांनी छपाईत घातली होती. कथा प्रामाणिक होत्या, पण प्रत्येकीचा शेवट बोधवाक्याने बंद केलेला होता. हे मला पहिल्याच वाचनात खटकले होते. मी लिहिले, ‘लेखकाची मूल्यनिष्ठा प्रत्येक कथेच्या अखेरीस प्रत्ययास येते’. वाक्य खोटे नव्हते, पळवाट होती. तीन वर्षांनी गुरुजी दुसरा संग्रह घेऊन आले. शेवट आता अधिकच लांबले होते. मी या वेळी भीत भीत बोललो. ते शांतपणे म्हणाले, “सर, तुम्ही तेच चांगलं म्हणाला होता. म्हणून तसंच लिहीत गेलो.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला मी सौजन्य समजत होतो, तो अनादर होता : हा मनुष्य सत्य पेलू शकणार नाही, असे मी परस्पर ठरवून टाकले होते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. विद्यापीठीय अभिरुचीच्या फूटपट्टीने या लेखनाला मोजण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? बोधाने संपणारी गोष्ट ही कीर्तनाच्या, दृष्टांताच्या परंपरेतून आलेली नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि गुरुजींनी तो घेतला असता तर मी हरलोही असतो. पण तो घेण्याची संधीच मी त्यांना दिली नव्हती. प्रामाणिक अभिप्राय म्हणजे निकालपत्र नव्हे. वाचताना मी कोठे थांबलो, कोठे माझा विश्वास उडाला, एवढेच सांगणे म्हणजे अभिप्राय. त्यावर वाद होऊ शकतो. पळवाटेवर होऊ शकत नाही. अभिरुचीतील अंतर हा वाचनातील अडथळा नव्हे. ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिणारे वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे. पण त्यांचे अनुभवविश्व आणि वाङ्मयीन प्रकृती अण्णा भाऊंहून किती भिन्न होती!

तात्पर्य, स्वतंत्र लेखकाला आश्रयदाता नको असतो, वाचक हवा असतो. आणि आम्ही त्याला आश्रय देऊन वाचन नाकारतो. ‘अभिप्रायार्थ सस्नेह’ असे पहिल्या पानावर लिहिलेली चार पुस्तके आजही माझ्या टेबलावर आहेत. गुरुजींचे दुसरे हस्तलिखित त्यांतच आहे. त्यांनी ते अद्याप छापायला दिलेले नाही. माझ्या उत्तरासाठी ते थांबले आहेत.