गरिबाघरचे अर्पण



नाताळच्या सुट्टीत आपण मुलांना घेऊन मुंबईला जातो. 1760 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या हॅम्लेजसारखी खेळण्यांची मोठी दुकाने आता मुंबईच्या मॉलमध्येही आहेत. तिथले कर्मचारी खेळणी चालवून दाखवतात. मुले हरखून जातात. आपण मात्र गुपचूप किमतीची चिठ्ठी पाहतो. मग लाजेपोटी आपल्या तोंडून खोटे निघते, "हे चांगले नाही, लगेच मोडेल."

मरिया आणि योसेफ यांनाही खिशाकडे पाहावे लागले. बाळ येशूला घेऊन ते यरुशलेमच्या मंदिरात गेले. कोकरू परवडत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले अर्पावीत, असे नियमशास्त्र सांगत होते. त्यांनी ते गरिबाचे अर्पण केले. पण पैसे कमी म्हणून मंदिराची वाट टाळली नाही.

आपणही लाजू नये. घरून निघतानाच मुलांना खरे सांगू या, "आज आपल्याजवळ 300 रुपये आहेत. सगळे पाहा, आणि यात बसेल ते एक निवडा." खेळणे आज ना उद्या मोडेल; आईबापांचा खरेपणा मुलांजवळ आयुष्यभर राहील.

हे पवित्र कुटुंबा, आमच्या घरांसाठी विनंती कर. आमेन.