पैस आणि मर्यादा

अ‍ॅपलच्या 2011 च्या मॅकबुक प्रोसाठी उत्पादकाने रॅमची, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीची, कमाल मर्यादा 8 जीबी सांगितली होती. तरीही 8 जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्यास ते यंत्र 16 जीबी ओळखते, कारण खरी मर्यादा माहितीपत्रक नव्हे, तर प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रक ठरवतो. वेदान्तात ‘उपाधी’ म्हणजे वस्तूला मर्यादित भासवणारे बाह्य बंधन, जसे घटामुळे आकाश घटाएवढे वाटते. छापील आकडा अशीच उपाधी होय. नियंत्रकाची मर्यादा मात्र नव्हे, आणि हा भेद पुसणे चुकीचेच. नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचे 700 श्लोक सुमारे 9000 ओव्यांत उलगडले, तेव्हा गीतार्थ संस्कृतातच मावतो ही समजूतही उपाधीच ठरली. ज्या खांबाला टेकून त्यांनी निरूपण केले असे परंपरा मानते, त्याला ‘पैस’, म्हणजे विस्तार, असेच म्हणतात.